आठ चिनुक आणि एक ऑडिट रिपोर्ट: सरकारी कागद कसा वाचायचा?

संरक्षण खरेदी या विषयावर वाचायला सुरुवात केलीत की एक उदाहरण तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. ब्रिटनने विशेष दलांसाठी आठ चिनुक हेलिकॉप्टरं मागवली, ती आली, आणि उडवायची परवानगीच मिळेना म्हणून वर्षानुवर्षं हँगरमध्ये उभी राहिली. बहुतेक लेखांत यावर दोन वाक्यं असतात, शेवटी एक मोठा आकडा असतो, आणि आधार म्हणून ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा जून २००८ चा 'चिनुक मार्क ३ हेलिकॉप्टर्स' हा अहवाल असतो. झालं, लेखक पुढच्या मुद्द्याकडे.

मला आज त्या अहवालावरच बोलायचंय. हेलिकॉप्टरं विषय म्हणून आहेतच, पण खरा प्रश्न असा की पीएचडीला आलेला विद्यार्थी असा अहवाल हातात घेतो तेव्हा नेमकं काय हातात घेतो? आपल्याकडे 'सरकारी रिपोर्ट आहे ना, मग प्रायमरी सोर्स' असं म्हणून लोक मोकळे होतात. हा अहवाल चांगला आहे, माझ्या मते बराच चांगला आहे. म्हणूनच त्याच्या मर्यादा बघण्यात अर्थ आहे. वाईट अहवालावर टीका करायला काय लागतं?

आधी गोष्ट थोडक्यात. चिनुक म्हणजे दोन मोठ्या पंख्यांचं, साधारण दहा टनांपर्यंत ओझं नेणारं अमेरिकन हेलिकॉप्टर, बोइंगचं. ब्रिटनकडे ते १९८० च्या सुमारापासून आहे. फॉकलंडच्या युद्धात 'अटलांटिक कन्व्हेयर' या जहाजावर २५ मे १९८२ ला हल्ला झाला, त्याबरोबर तीन चिनुक गेली, आणि उरलेल्या एकाच चिनुकने पुढची बरीच अवजड वाहतूक ओढली. अवजड हेलिकॉप्टर किती लागतं हे ब्रिटिश सैन्याला तेव्हाच कळलं होतं. १९९५ मध्ये नव्या चौदा चिनुकची ऑर्डर गेली. त्यातली आठ विशेष दलांच्या कामासाठी वेगळी बनवायची ठरली: जास्त इंधन, रात्री आणि खराब हवेत खूप खालून उडता येईल अशी उपकरणं. हीच मार्क ३. किंमत २५.९ कोटी पौंड. २००१ पासून ती ब्रिटनमध्ये आली, आणि तिथेच अडकली.

का अडकली, हे अहवालाने नीट सांगितलंय, आणि बातम्यांमध्ये नेमकं तेच हरवलं. पैसे वाचवायचे म्हणून कॉकपिट पूर्ण डिजिटल न करता अर्धं जुनं, अर्धं नवं असं मिश्र ठेवलं गेलं. या नव्या भागात सॉफ्टवेअर होतं. ब्रिटनच्या लष्करी उड्डाणयोग्यतेच्या नियमांप्रमाणे ते सॉफ्टवेअर सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं, आणि त्यासाठी कोड आणि त्याची कागदपत्रं लागतात. ती द्यायची अट करारातच नव्हती. मग काय, उड्डाणाची परवानगी मिळाली ती ५०० फुटांच्या वर, स्वच्छ हवेत, खालच्या खुणा बघून वाट काढता येईल तेव्हाच. जे हेलिकॉप्टर अंधारात, जमिनीला चिकटून उडण्यासाठी घेतलं होतं, त्याला ही अट!

इथे थांबा. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'असुरक्षित हेलिकॉप्टरं'. अहवाल असं म्हणत नाही. अहवाल म्हणतो, ती सुरक्षित आहेत हे दाखवता आलं नाही. ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिलं यंत्राबद्दल आहे, दुसरं आपल्या माहितीबद्दल. संशोधन पद्धतीच्या तासाला 'पुरावा नसणं म्हणजे नसल्याचा पुरावा नव्हे' हे वाक्य आपण सगळ्यांनीच वहीत उतरवलेलं असतं. त्याचं इतकं महागडं उदाहरण दुसरं नसेल. माझ्या पाहण्यातल्या दुय्यम लेखनात हा फरक बहुतेक वेळा पुसला जातो, आणि मग पुढचा सगळा युक्तिवाद 'बोइंगने खराब माल दिला' अशा वळणावर जातो. वस्तुस्थिती उलट आहे. बोइंगने कराराप्रमाणे माल दिला. दोष करारात होता.

आणि कराराबद्दलचा सगळ्यात बोलका तपशील मोठ्या आकड्यात नाहीच. खात्याने या हेलिकॉप्टरसाठी शंभर 'अत्यावश्यक' बाबी ठरवल्या होत्या. त्यातल्या ४५ करारात आल्याच नाहीत. अत्यावश्यक म्हणायचं आणि जवळजवळ निम्म्या बाहेर ठेवायच्या, म्हणजे मग 'अत्यावश्यक' या शब्दाचा अर्थ काय उरला? ही बाब ऑडिट ऑफिसच्या २००४ च्या 'बॅटलफील्ड हेलिकॉप्टर्स' या आधीच्या अहवालापासून संसदेच्या पब्लिक अकाउंट्स कमिटीच्या चर्चेपर्यंत येते. माझा सल्ला असा की २००८ चा अहवाल वाचायच्या आधी २००४ चा वाचा. नंतरचा अहवाल आधीच्यावर उभा आहे, आणि २००८ मध्ये जे ठाम निष्कर्ष वाटतात ते २००४ मध्ये अजून उघडे प्रश्न होते.

आता टीकेकडे येतो.

पहिली गोष्ट, तो मोठा आकडा. अहवालानुसार एकूण खर्च ४२.२ कोटी पौंडांच्या पुढे जाणार होता, म्हणजे नगामागे साधारण ५.३ कोटी. या आकड्यात मूळ खरेदी आहे, मधल्या काळाचा खर्च आहे आणि हेलिकॉप्टरं पुन्हा साधी करण्याचा खर्च आहे. हो, शेवटी तेच झालं: २००४ च्या सुमाराला आधी 'दुरुस्त करून वापरात आणू' अशी एक योजना निवडली, त्यावर दोन-अडीच वर्षं गेली, आणि मार्च २००७ मध्ये ठरलं की ते महागडं कॉकपिट काढून टाकायचं आणि आठही हेलिकॉप्टरं ताफ्यातल्या साध्या चिनुकसारखी करायची. पहिलं सुधारलेलं यंत्र जुलै २००९ मध्ये उडालं.

आकडा बरोबर आहे, बेरीज चुकलेली नाही. पण तो कशाशी ताडून बघायचा? लेखांमध्ये तो 'वाया गेलेले पैसे' म्हणून येतो, आणि हे तर्काला धरून नाही. शेवटी आठ उडणारी चिनुक मिळालीच ना, तीही मोठ्या इंधन टाक्या तशाच ठेवून. मग वाया किती गेले हे काढायचं तर ४२.२ कोटींमधून आठ साध्या चिनुकची किंमत वजा करायला हवी, आणि आठ-नऊ वर्षांच्या उशिराची काहीतरी किंमत मिळवायला हवी. पहिली गोष्ट थोडी खटपट केली तर निघेल. दुसरी निघणं फार अवघड. अहवाल उशिराचं वर्णन करतो, त्याला किंमत लावत नाही. ऑडिटरला दोष द्यायचा नाही मला. त्याचं काम हिशेब मांडायचं आहे, काय झालं असतं याची कल्पना करायचं नाही. पण मग तो हिशेब उचलून 'इतकं नुकसान झालं' असं लिहिणारा संशोधक ती कल्पना गुपचूप करत असतो आणि तिचा भार ऑडिटरच्या खांद्यावर टाकतो. हे मला खटकतं.

उशिराची किंमत म्हणजे काय, हे शब्दांत तरी सांगायला हवं. २००६ पासून ब्रिटिश सैन्य अफगाणिस्तानच्या हेल्मंडमध्ये उतरलं होतं. तिथे रस्त्यात पेरलेले स्फोटक हे मोठं संकट होतं, आणि रस्ता टाळायचा तर हेलिकॉप्टर हवं. २००९ च्या उन्हाळ्यात हेलिकॉप्टर कमी पडतायत का, यावर ब्रिटनच्या संसदेत आणि बाहेर जोरदार वाद झाला. त्याच वेळी ही आठ यंत्रं मायदेशी होती. मधल्या काळात विशेष दलांची गरज भागवायला जुन्या चिनुकवर रात्री दिसण्याची उपकरणं बसवली गेली, आणि त्या तात्पुरत्या सोयीबद्दलही सुरक्षिततेचे प्रश्न निघाले. अहवाल वाचताना ही माणसं ओळींच्या मागे आहेत हे विसरू नका. मात्र उलट टोकालाही जाऊ नका. 'ही आठ असती तर इतके जीव वाचले असते' असं सरळ म्हणता येत नाही. हेलिकॉप्टर म्हणजे फक्त सांगाडा नव्हे. वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग, उष्ण हवेत आणि उंचीवर कमी होणारी उचलण्याची ताकद, हे सगळं मिळून एक उड्डाण होतं. आठ यंत्रं आली म्हणून आठ यंत्रांची उड्डाणं वाढतात असं नाही.

यावरून ताफा मोजण्याबद्दल थोडं, कारण इथे नवीन विद्यार्थी हमखास घसरतात. 'ब्रिटनकडे ४० चिनुक होती' म्हणजे काय? कागदावर? दुरुस्तीला गेलेली वजा करून? त्या दिवशी सकाळी उडू शकणारी? तिन्ही आकडे खरे असू शकतात आणि तिन्ही वेगळे असतात. २००४ च्या अहवालात युद्धभूमीवरच्या हेलिकॉप्टर वाहतुकीत ३८ टक्के तूट असल्याचं येतं. वाचायला भारी आकडा आहे. पण तूट ही गरजेच्या तुलनेत असते, आणि गरज ही लष्कराच्या नियोजनातल्या गृहीतकांवरून काढलेली. कोणत्या प्रकारची किती मोठी युद्धं एकाच वेळी लढायची हे बदललं की ३८ चा आकडाही बदलणार. टक्केवारी दिसली की छेद काय आहे ते आधी शोधा. तो कुणी ठरवला तेही शोधा.

आणखी एक गंमत. ही हेलिकॉप्टरं कुणाची? यंत्रं आणि वैमानिक रॉयल एअर फोर्सचे. १९९९ मध्ये जॉइंट हेलिकॉप्टर कमांड स्थापन झाली, ती लष्कराच्या लँड कमांडच्या छत्राखाली. आत बसणारे सैनिक बहुतांशी लष्कराचे. खरेदी संरक्षण खात्याच्या वेगळ्याच विभागाची. अहवालात मात्र या सगळ्यांसाठी एकच कर्ता येतो: 'खातं'. खात्याने ठरवलं, खात्याने उशीर केला. ऑडिटच्या भाषेत हे ठीक आहे, कारण संसदेला उत्तर देणारा एकच अधिकारी असतो. पण संघटनांचा अभ्यास करणाऱ्याला हेच तर उलगडायचं असतं! त्या ४५ बाबी करारातून कुणी काढल्या? ज्याला उडवायचं होतं त्याने, की ज्याच्या हातात बजेट होतं त्याने? 'खाते' या एका शब्दात हा प्रश्न गडप होतो. या अहवालावरची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

आता असं का होतं, हे समजून घ्यायला अहवालाचा मजकूर पुरत नाही, अहवाल तयार कसा होतो ते बघावं लागतं. तीन गोष्टी सांगतो. ब्रिटनचा १९८३ चा नॅशनल ऑडिट अ‍ॅक्ट ऑडिटरला खर्चाची काटकसर, कार्यक्षमता, परिणामकारकता तपासायचा अधिकार देतो, पण धोरणाच्या उद्दिष्टांच्या गुणदोषावर प्रश्न विचारायला मनाई करतो. म्हणजे 'विशेष दलांना असं वेगळं हेलिकॉप्टर हवंच कशाला' हा प्रश्न ऑडिटर विचारूच शकत नाही. तुम्ही विचारू शकता. त्याच्या गप्प राहण्याला संमती समजू नका. दुसरं म्हणजे, अहवालातली तथ्यं छापण्याआधी संबंधित खात्याकडून मान्य करून घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे तथ्यांवर भरवसा वाढतो हे खरं. पण वाक्यरचना गुळगुळीत होते हेही खरं. जिथे कर्मणी प्रयोग अचानक दाट होतो, 'असं ठरवण्यात आलं', 'असं गृहीत धरण्यात आलं', तिथे पेन्सिलने खूण करा. बहुतेकदा भांडण तिथेच झालेलं असतं. तिसरी गोष्ट, विशेष दलांबद्दल जाहीर बोलायचं नाही हे ब्रिटिश सरकारचं जुनं धोरण. म्हणून ज्या गरजेपायी हा सगळा घाट घातला तिचं वर्णन अहवालात पुसटच असणार. गरज योग्य होती का, हे वाचकाला ठरवता येत नाही, कारण गरज त्याला दाखवलेलीच नाही.

एक संदर्भ मी स्वतःहून जोडतो. हा माझा अर्थ आहे, अहवालाचा निष्कर्ष नव्हे. २ जून १९९४ ला स्कॉटलंडमध्ये मल ऑफ किंटायर इथे एक चिनुक मार्क २ कोसळलं, २९ जण गेले. त्या यंत्राच्या इंजिनाचं नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्याआधीपासूनच शंका घेतल्या जात होत्या. दोन मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला, आणि तो २०११ च्या फेरतपासणीनंतर मागे घेतला गेला. मार्क ३ ची ऑर्डर या अपघातानंतरच्या वर्षी गेली. परवानगी देणाऱ्यांच्या टेबलावर मार्क ३ चं सॉफ्टवेअर आलं तेव्हा किंटायरचा वाद पूर्ण पेटलेला होता. कोड दाखवल्याशिवाय सही करणार नाही, हा हट्ट बाहेरून लाल फीत वाटतो. या पार्श्वभूमीवर तो मला समजूतदार वाटतो. पण हे सिद्ध करायचं तर त्या काळातली अंतर्गत टिपणं लागतील, नुसत्या तारखा शेजारी शेजारी ठेवून भागत नाही. कुणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर इथे एक पडलेला आहे.

तुलनेचा मुद्दा राहिला. एकाच अपयशावरून सिद्धांत काढायचा नाही हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी चिनुक मार्क ३ चं तेच झालंय. 'गुंतागुंतीचं सॉफ्टवेअर म्हणून खरेदी फसली' असं लिहिणाऱ्याने नेदरलँड्सकडे बघावं. त्यांनी त्याच दशकात १३ चिनुक घेतली, सात कॅनडाची जुनी सुधारून आणि सहा नवी. कॉकपिट डिजिटल. ती सेवेत आली आणि उडाली. उत्पादक तोच, काळ तोच, सॉफ्टवेअर तिथेही होतं. मग फरक कशाने पडला? कराराच्या अटींनी, मिश्र कॉकपिटच्या तडजोडीने, की परवानगी देणाऱ्या संस्थांच्या वेगवेगळ्या कसोट्यांनी? इथे खरी संशोधनाची जागा आहे, आणि ऑडिट अहवाल तुम्हाला तिथवर नेत नाही. त्याला एकाच देशाचा हिशेब तपासायचा असतो. शिवाय ऑडिटरचं लक्ष जिथे गडबड झाली तिथे जातं. ज्या खरेदीत काहीच घडलं नाही तिच्यावर स्वतंत्र अहवाल सहसा निघत नाही. नुसत्या ऑडिट अहवालांवर प्रबंध उभा केलात तर तुमच्या नमुन्यात फक्त आजारी माणसं असतील, आणि निष्कर्ष निघेल की सगळे आजारी असतात.

अहवालाचं कौतुकही करायला हवं, नाहीतर ही एकतर्फी झोड होईल. अहवालाची भाषा कोरडी आहे आणि ते बरं आहे. पब्लिक अकाउंट्स कमिटीचे अध्यक्ष एडवर्ड ली यांनी या प्रकरणावर जे शेरे मारले ते मथळ्यांसाठी झकास होते, आणि मथळ्यांत गेलेही. पण अहवालाने घटनांचा क्रम स्थिरपणे मांडला, आणि दोन वेगळ्या चुका वेगळ्या ठेवल्या: एक १९९० च्या दशकातला करार, दुसरी २००१ नंतर निर्णय न घेता घालवलेली वर्षं. पहिली चूक सगळे सांगतात. दुसरी माझ्या मते जास्त गंभीर आहे, कारण तोवर सगळ्यांना सगळं माहीत होतं. तंत्रज्ञानाबद्दलचं अज्ञान ही सबब २००१ नंतर उरत नाही. आणि २००७ मध्ये यंत्रं साधी करण्याचा निर्णय झाला तेव्हा हालचाली भराभर झाल्या, म्हणजे वेग शक्य होता.

आपल्याकडच्या वाचकाला याचा उपयोग? भारताने १५ चिनुक घेतली, करार २०१५ चा, आणि मार्च २०१९ मध्ये चंदीगडला त्यातली पहिली हवाई दलात दाखल झाली. इथेही यंत्र हवाई दलाचं आणि त्यातून जाणारं बरंचसं ओझं लष्कराचं, तोफांसकट. आपल्या कॅगची आणि लोकलेखा समितीची रचना ब्रिटिश साच्यातूनच आली, त्यामुळे वर सांगितलेल्या वाचनाच्या खुणा इथेही बऱ्याच लागू पडतात. हवाई दलाच्या भांडवली खरेदीवरचा कॅगचा २०१९ चा अहवाल, ज्यात राफेलच्या किमती झाकलेल्या होत्या, तो उघडा. अवजड हेलिकॉप्टरांच्या खरेदीचाही त्यात विचार आहे. राफेलची पानं सगळ्यांनी वाचून झालीयत, ती सोडा. हेलिकॉप्टरांच्या प्रकरणात गरज कुणी ठरवली, ती कुठल्या टप्प्यावर बदलली, आणि 'मंत्रालय' हा शब्द कुठे कुठे कर्ता म्हणून येतो, एवढंच आधी एका कागदावर उतरवा. शेजारी २००८ चा ब्रिटिश अहवाल ठेवा. दोन्ही मिळून दोन संध्याकाळी पुरतात.